१८०.०१ अंशांचा त्रिकोण

शेवटच्या बाकावर बसून मी एका सहकारी शिक्षकाचा नववीचा भूमितीचा तास पाहत होतो. प्रोजेक्टरवर जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढण्याचे सॉफ्टवेअर उघडलेले होते, त्यात एक त्रिकोण होता, त्याच्या तिन्ही कोनांची मापे आपोआप उमटत होती आणि सर एकेक शिरोबिंदू ओढून त्रिकोणाचा आकार बदलत होते. "कसाही ओढा, बेरीज १८०च येणार," असे त्यांनी म्हटल्यावर दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने वहीत आकडेमोड केली आणि हात वर केला. पडद्यावर ४७.३, ६१.३६ आणि ७१.३५ असे तीन कोन होते आणि त्यांची बेरीज १८०.०१ येत होती. सरांनी स्वतः पुन्हा बेरीज केली, क्षणभर पडद्याकडे पाहिले, "मशिनची चूक आहे, तुम्ही पुस्तकातले लिहून घ्या," असे सांगून लॅपटॉप मिटला आणि ते फळ्याकडे वळले. उरलेल्या वीस मिनिटांत त्यांनी तेच प्रमेय पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशा क्रमाने अतिशय नेटकेपणाने शिकवले. सुंदर अक्षर, सुबक आकृती, एकही पायरी गाळलेली नाही.

हे सर त्याच्या दोन महिने आधी तालुक्याच्या प्रशिक्षणाला आले होते आणि त्या प्रशिक्षणात जिओजेब्रा शिकवणारा सुलभक मी होतो. त्रिकोण कसा काढायचा, कोन कसा मोजायचा, बिंदूचे नाव कसे बदलायचे, आकृतीला रंग कसा द्यायचा, हे सगळे मी त्यांना शिकवले होते आणि वर्गात त्यांनी ते बिनचूक करून दाखवले. मी जे शिकवले नव्हते, नेमके तेच त्या मुलीने विचारले. तास संपल्यावर आम्ही चहा घेतला, पण त्या विषयावर दोघांनीही काही बोलणे टाळले. घरी परतताना मात्र, लॅपटॉप मिटणारा हात त्यांचा असला तरी तो मिटवायला मीच शिकवले आहे, असे मला राहून राहून वाटत होते.

मी स्वतः प्रशिक्षणार्थी म्हणून पहिल्यांदा बसलो तो अनुभव तर याहूनही कोरडा होता. एका सभागृहात साठ-पासष्ट गणित शिक्षक, समोर एक प्रोजेक्टर, हातात एकही संगणक नाही, आणि व्यासपीठावरील तज्ज्ञ मार्गदर्शक प्रत्येक मेनूतील प्रत्येक पर्याय क्रमाने उघडून दाखवत होते. पोहायला शिकवताना काठावर बसवून तलावाचा नकाशा समजावून सांगावा, तसा तो प्रकार होता. तीन दिवसांनी प्रमाणपत्र मिळाले, समूहछायाचित्र निघाले आणि पुढची दोन वर्षे मी ते सॉफ्टवेअर वर्गात एकदाही उघडले नाही. त्यामुळे प्रशिक्षण घेऊनही शिक्षक तंत्रज्ञान वापरत नाहीत, अशी तक्रार कानावर आली की मला त्या शिक्षकांचा राग येत नाही. न वापरण्याइतपतच ते त्यांना शिकवलेले असते.

खरे तर जिओजेब्रासारखे साधन आपल्या अभ्यासक्रमासाठी अगदी सोयीचे आहे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कस होहेनवार्टर यांनी पदव्युत्तर प्रबंधाचा भाग म्हणून २००१ च्या सुमारास ते तयार करायला घेतले. त्याआधी फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९८० च्या दशकात कॅब्री आणि अमेरिकेत १९९१ मध्ये जिओमीटर्स स्केचपॅड ही भूमितीची सॉफ्टवेअर आलेली होती, आणि आकृती काढल्यानंतर तिचा बिंदू धरून ओढायचा व काय टिकते, काय बदलते ते पाहायचे, ही मूळ कल्पना त्यांचीच. जिओजेब्राने त्या भूमितीला बीजगणिताची जोड दिली आणि शाळांना ते विनामूल्य मिळू लागले. त्याची संगणकावरील जुनी आवृत्ती एकदा पेनड्राइव्हवरून टाकली की इंटरनेट नसले तरी चालते, ही गोष्ट आमच्यासारख्या भागात विनामूल्य असण्याइतकीच मोलाची आहे. नववी-दहावीच्या बालभारतीच्या गणित भाग २ या पुस्तकांत आयसीटी टूल्स, म्हणजे माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाची साधने, या मथळ्याच्या छोट्या चौकटीही आहेत. वर्तुळाच्या बाहेरील बिंदूतून जिओजेब्राच्या साहाय्याने दोन स्पर्शिका काढा आणि स्पर्शिकाखंड एकरूप आहेत का ते पाहा, अशा स्वरूपाच्या सूचना त्यांत आढळतात. पण चौकटीतला मजकूर परीक्षेला येत नाही, हे मुलांच्या आधी शिक्षकांना ठाऊक असते, त्यामुळे वर्गात त्या चौकटी बहुधा ओलांडल्याच जातात.

त्या तासानंतर मी माझ्या प्रशिक्षणाचा आराखडा मोडला. पहिला दिवस मेनूंच्या ओळखीचा असायचा, तो काढून टाकला. आता मी एका लॅपटॉपभोवती तिघांना बसवतो आणि काहीही न शिकवता एवढेच सांगतो की चौरस काढा. पाच मिनिटांत सगळ्यांचा चौरस तयार होतो, कारण पडद्यावर चौकटींची जाळी असते आणि ती मोजून चार बिंदू ठेवणे कोणालाही जमते. मग मी म्हणतो, आता एक कोपरा धरून ओढा. कोपरा ओढताच चौरसाचा पतंग होतो, कुठे समलंब चौकोन होतो, कुठे नुसतीच वेडीवाकडी आकृती होते, आणि सभागृहात हशा पिकतो. ओढल्यावरही मोडणार नाही असा चौरस काढायचा असेल तर काय करावे लागेल, यावर मात्र बहुतेक गटांचा पाऊण तास जातो. रेख एबी काढायचा, ए मधून त्याला लंब काढायचा, ए केंद्र आणि एबी त्रिज्या घेऊन वर्तुळ काढायचे, लंब आणि वर्तुळ यांचा छेदनबिंदू घ्यायचा, आणि पुढे समांतर रेषांनी चौथा कोपरा मिळवायचा. वीस-वीस वर्षे भूमिती शिकवलेली माणसे लहान मुलांसारखी एकमेकांच्या हातातून माऊस ओढून घेताना दिसतात.

या पाऊण तासात जिओजेब्राची निम्मी बटणे न शिकवताच हाताखालून जातात, पण मला त्यातून साधायचे असते ते वेगळेच. जिओजेब्रात आपण मोकळा ठेवलेला बिंदू निळा दिसतो आणि इतर रचनेवर अवलंबून असलेला, म्हणजे बांधलेला बिंदू काळपट दिसतो. निळा ओढता येतो, काळा ओढता येत नाही, तो निळ्याच्या मागून जातो. या रंगांकडे शिक्षकांचे लक्ष वेधून मी विचारतो, या आकृतीतील पक्ष कुठला आणि साध्य कुठले? थोड्या चर्चेनंतर कोणीतरी म्हणतेच, की आपण जे घालून दिले तो पक्ष आणि ओढूनही जे तुटले नाही ते साध्य. फळ्यावर आपण आयुष्यभर जे दोन शब्द समासाशेजारी यांत्रिकपणे लिहीत आलो, त्यांना हाताने जाणवणारा अर्थ येतो. हे एकदा घडले की सॉफ्टवेअरची भीती कमी होते, कारण समोर दिसते ती आपलीच भूमिती आहे, हे शिक्षकाला कळते. जिथे हे घडत नाही, तिथे पुढचे दोन दिवस कितीही सफाईने शिकवले तरी उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी दहावीचे वर्तुळ हे प्रकरण घेतो. अंतर्लिखित कोनाचे प्रमेय दहावीतल्या बहुतेक मुलांना पाठ असते: वर्तुळात अंतर्लिखित केलेल्या कोनाचे माप त्याने अंतर्खंडित केलेल्या (म्हणजे कोनाच्या आत सापडलेल्या) कंसाच्या मापाच्या निम्मे असते. शिक्षक वर्तुळ काढतात, त्यावर ए, बी आणि पी हे तीन बिंदू घेतात आणि कोन एपीबी मोजतात. निम्म्या लॅपटॉपवर ५० अंश येतात आणि निम्म्यांवर ३१०. पूर्वी मी अशा वेळी "बिंदू उलट क्रमाने निवडा" असे सांगून गाडी पुढे हाकत असे, कारण मला वेळापत्रक पाळायचे होते. आता मी दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहितो आणि थांबतो. ५० आणि ३१० यांची बेरीज ३६० आहे हे चटकन लक्षात येते. हे सॉफ्टवेअर कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजते, त्यामुळे ए आधी की बी आधी यावर उत्तर अवलंबून असते, हे शोधायला थोडा वेळ लागतो. कोनाला दिशा असते ही गोष्ट शालेय भूमितीत आपण कधी बोलतच नाही, कारण कागदावरचा कोनमापक ती आपल्याला विचारत नाही.

खरी गंमत त्यानंतर येते. पी हा बिंदू मोठ्या कंसावरून फिरवत असताना ५० अंश हे माप जागचे हलत नाही आणि सगळे समाधानाने माना डोलावतात. मग पी हा बी च्या पलीकडे, लहान कंसावर जातो आणि माप एकदम २३० होते. सभागृहात शांतता पसरते. कोणी म्हणते हे चुकले, कोणी म्हणते प्रमेयाला अपवाद निघाला. एका वर्षी एका बाईंनी स्पष्टच सांगितले, "सर, वर्गात असे झाले तर मी लगेच बंद करीन, मुलांसमोर तमाशा नको." मला त्यांचे बोलणे आवडले, कारण बाकीचे तसाच विचार करत असूनही गप्प होते. मग आम्ही तिथेच थांबून हिशेब केला. २३० मधून ५० गेले की १८० उरतात. ३६० मधून २३० गेले की १३० उरतात, आणि १३० अधिक ५० हेही १८०च. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात हे प्रमेय पुस्तकात पुढच्या पानांवर स्वतंत्रपणे येते, ते इथे न बोलावताच येऊन उभे राहते. शिवाय पी लहान कंसावर गेला की कोनाने अंतर्खंडित केलेला कंस बदलतो, तो १०० अंशांऐवजी २६० अंशांचा होतो आणि त्याचे निम्मे १३०. म्हणजे प्रमेय कुठेही मोडलेले नाही. मोडली ती ते वाचण्याची आपली घाई. 'अंतर्खंडित केलेल्या' हे दोन शब्द त्या विधानात कशासाठी आहेत, हे मलाही अनेक वर्षे शिकवून झाल्यावर त्या दिवशी नीट उमगले.

जिओजेब्रात कोन शून्य ते १८० याच मर्यादेत दाखवण्याची सोय आहे. ती आधीच निवडून ठेवली तर वरचा गोंधळ होत नाही आणि ५० चे सरळ १३० होतात. ती सोय कुठे असते हे मी शेवटी दाखवतो, पण सुरुवातीला मुद्दाम दाखवत नाही. ज्याला वर्ग शांत ठेवायचा आहे त्याने ती वापरावी. मात्र तिच्यामागे काय झाकले जाते, हे शिक्षकाला माहीत असले पाहिजे.

आता त्या १८०.०१ कडे येतो. संगणक कोन मोजतो तेव्हा त्याच्यापाशी दशांश चिन्हानंतरचे बरेच अंक असतात. पडद्यावर तो दोनच दाखवतो. समजा खरे कोन ४७.२९६, ६१.३५८ आणि ७१.३४६ आहेत, त्यांची बेरीज बरोबर १८० आहे. दोन दशांश स्थळांपर्यंत आसन्न किमती घेतल्या की तेच ४७.३, ६१.३६ आणि ७१.३५ होतात आणि बेरीज १८०.०१ होते. प्रत्येक आसन्न किंमत जास्तीत जास्त ०.००५ ने इकडेतिकडे असू शकते, तीन कोनांची मिळून चूक ०.०१५ पेक्षा जास्त होत नाही, म्हणून पडद्यावरच्या मापांची बेरीज १७९.९९, १८० किंवा १८०.०१ यांपैकीच काहीतरी येणार. हे समजल्यावर शिक्षकांना मी सांगतो, आता शिरोबिंदू ओढून १७९.९९ चा त्रिकोण शोधा. तो सापडतो, आणि सापडल्यावर होणारा आनंद पाहण्यासारखा असतो. मग दशांश स्थळे वाढवून पाच करा. आता बेरीज १८०.००००१ येऊ शकते. दहा करा, तरी प्रश्न सुटत नाही, तो फक्त उजवीकडे सरकतो.

मोजून कितीही वेळा पडताळले तरी बेरीज १८० 'च' आहे असे म्हणता येत नाही, ही गोष्ट नववीच्या मुलाला शब्दांत सांगून पटत नाही. त्याला वाटते, कोनमापकाने मोजले, १८० आले, मग सरांना ही सिद्धता आणखी कशाला हवी? त्या मुलीच्या प्रश्नाने सिद्धतेची गरज निर्माण झाली होती, आणि त्या सरांपाशी ती सिद्धता फळ्यावर मांडण्याचे उत्तम कौशल्यही होते. मधला पूल तेवढा नव्हता. ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये असे मांडले की विषयाचे ज्ञान आणि अध्यापनशास्त्राचे ज्ञान या दोन गोष्टी वेगवेगळ्या असून पुरेशा नाहीत. तो विशिष्ट विषय शिकवण्याचे म्हणून एक तिसरे ज्ञान शिक्षकापाशी असते. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाची भर घातली आणि टीपॅक या नावाने ती चौकट प्रसिद्ध झाली. आमच्या प्रशिक्षणांत या चौकटीची तीन वर्तुळे स्लाइडवर हमखास दाखवली जातात. तिन्ही वर्तुळे जिथे एकमेकांना छेदतात तो मधला भाग म्हणजे प्रत्यक्षात काय, तर १८०.०१ आल्यावर पुढच्या मिनिटाला काय बोलायचे हे ठाऊक असणे. पण स्लाइड तिथे थांबते.

शाळेतल्या अडचणी सांगायच्या तर यादी मोठी होईल आणि ती सर्वांना माहीत आहे. पस्तीस मिनिटांची तासिका, त्यातली सात-आठ मिनिटे प्रोजेक्टर लावण्यात जातात, एचडीएमआय केबल कार्यालयाच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या लिपिकापाशी. एकच युक्ती सांगण्याजोगी वाटते. प्रोजेक्टरचा प्रकाश पांढऱ्या पडद्यावर न टाकता शक्य असेल तर थेट फळ्यावर टाकावा. चित्र थोडे फिकट दिसते, पण खडू हातात राहतो. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू ओढत असताना परिकेंद्र (तिन्ही शिरोबिंदूंपासून सारख्याच अंतरावर असलेला बिंदू) कुठे कुठे जाते, त्या जागा मुलांनी खडूने खुणावल्या की दिवा बंद केल्यावरही खुणा फळ्यावर राहतात आणि त्या सगळ्या एका रेषेत का आल्या यावर पुढचा तास घेता येतो. उत्तर असे की उरलेले दोन शिरोबिंदू जागचे हललेले नसतात, त्यामुळे त्यांना जोडणाऱ्या बाजूचा लंबदुभाजकही हलत नाही आणि परिकेंद्र त्याच्यावरच फिरत राहते. काळा फळा आणि संगणक यांत सवतीमत्सर असण्याचे काही कारण नाही.

ज्येष्ठ शिक्षकांचा एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, दहावीच्या भूमितीची ४० गुणांची लेखी परीक्षा कंपास, पट्टी आणि पेन्सिल घेऊन दोन तासांत द्यायची असते. संगणकावर बटण दाबून लंबदुभाजक काढणाऱ्या मुलाच्या हाताला कंपासची सवय कशी लागणार? हे म्हणणे रास्त आहे. लंबदुभाजकाचे बटण दाबले की रचना झाकली जाते आणि फक्त उत्तर उरते. म्हणून प्रशिक्षणात मी एक उलटा उद्योग करतो: जिओजेब्राची साधनपट्टी आपल्याला हवी तशी छाटता येते, तर लंबदुभाजक, कोनदुभाजक, लंब, समांतर रेषा आणि स्पर्शिका ही बटणे काढून टाकतो. बिंदू, रेषा, वर्तुळ आणि छेदनबिंदू एवढेच ठेवतो, म्हणजे कंपास आणि पट्टी. आता दहावीच्या भौमितिक रचना या प्रकरणातले उदाहरण घ्या: वर्तुळाच्या केंद्राचा उपयोग न करता वर्तुळावरील दिलेल्या बिंदूतून स्पर्शिका काढा. छाटलेल्या साधनपट्टीवर ही रचना करायला कागदाइतकाच विचार लागतो, आणि कागदावर न मिळणारी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे रचना झाल्यावर बिंदू ओढून ती खरोखर बरोबर होती की डोळ्यांनी जुळवलेली होती, हे ताबडतोब कळते. त्यानंतर तीच रचना वहीत कंपासने एकदा केलीच पाहिजे, यावर माझे आणि त्या ज्येष्ठांचे एकमत आहे.

बीजगणितात याच्या उलट परिस्थिती आहे. तिथे हाताने करण्यावर अडून बसण्यात मला अर्थ दिसत नाही. वर्गसमीकरणाच्या विवेचकाचे चिन्ह आणि मुळांचे स्वरूप हा भाग मुले सूत्र म्हणून पाठ करतात. समीकरणातील ए, बी, सी यांच्या किमती सरकपट्टीने बदलत त्याचा आलेख, म्हणजे अन्वस्त, एक्स अक्षाला दोन ठिकाणी छेदतो, एका ठिकाणी टेकतो किंवा अजिबात भेटत नाही, हे दहा मिनिटांत दाखवता येते. हाताने एवढे आलेख काढायला आठवडा लागेल. शिक्षकांसाठी मी त्यात एक खोडी ठेवतो. फक्त बी बदलत राहा आणि अन्वस्ताचा शिरोबिंदू कुठून जातो ते पाहा. बहुतेकांना तो सरळ रेषेत सरकेल असे वाटते. तो स्वतःच एका उलट्या अन्वस्तावरून जातो. पदवी गणितातच घेतलेल्या माणसांनाही याचे आश्चर्य वाटते, आणि मग चहाच्या सुट्टीत कोणीतरी कागदावर समीकरण मांडून ते सिद्ध करून आणते. मुलांना विचारायला लावायचे असेल तर आधी शिक्षकाला स्वतःला काहीतरी विचारावेसे वाटले पाहिजे, आणि ते वाटायला असा एखादा धक्का पुरतो.

इतरत्र काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. केरळने २००१ मध्ये आयटी अ‍ॅट स्कूल हा उपक्रम सुरू केला, पुढे शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरला आणि २०१७ मध्ये त्या उपक्रमाची काइट ही शासकीय संस्था झाली. तिथल्या माहिती तंत्रज्ञानाच्या शालेय पाठ्यपुस्तकांत जिओजेब्राचे पाठ आहेत, म्हणजे मूल स्वतः ते हाताळते आणि गणिताच्या शिक्षकाला सगळे शून्यापासून सुरू करावे लागत नाही. आपल्याकडे चौकट पुस्तकात आली, पण मुलाच्या हातात काही आले नाही, हा फरक मला मोठा वाटतो. टाटा समाजविज्ञान संस्था, अमेरिकेतील एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांनी २०१५ पासून राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगणा येथे क्लिक्स नावाचा उपक्रम राबवला. त्यात भौमितिक विचार, प्रमाण आणि रेषीय समीकरणे यांवर घटक होते, चौकोनांच्या गुणधर्मांवर 'पोलीस क्वाड' नावाचा एक खेळ होता आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाला घटकांइतकेच महत्त्व होते. उपक्रमाचे मुख्यालय मुंबईत असूनही तो महाराष्ट्रातील शाळांत मोठ्या प्रमाणावर आला नाही, याची मला हुरहूर वाटते.

आमच्याकडे सध्या भर आहे तो ऑनलाइन अभ्यासक्रमांवर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. दीक्षा हे शासनाचे ऑनलाइन शैक्षणिक व्यासपीठ २०१७ पासून आहे आणि शिक्षकांसाठीची निष्ठा प्रशिक्षणे त्यावर होतात. एखादी नवी माहिती लाखो शिक्षकांपर्यंत पोहोचवायची असेल तर याहून चांगला मार्ग मला सुचत नाही. परंतु व्हिडिओ एका खिडकीत चालू ठेवून दुसरीकडे उत्तरपत्रिका तपासणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि खोटे कशाला बोलू, त्यांत मीही होतो. पी बिंदू बी च्या पलीकडे गेल्यावर सभागृहात जी शांतता पसरते, ती व्हिडिओत पसरत नाही. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही सगळे एका रात्रीत तंत्रज्ञान शिकलो असे म्हणतात. आम्ही शिकलो ते लिंक पाठवायला आणि माइक बंद करायला. भूमिती त्या काळात पीडीएफमध्ये गेली, आणि पीडीएफमधला बिंदू ओढता येत नाही.

म्हणून गेली काही वर्षे प्रशिक्षणाचा तिसरा दिवस मी सलग न घेता महिनाभराने घेतो. मधल्या महिन्यात प्रत्येकाने एकच तास घ्यायचा, आणि जमल्यास शेजारच्या शाळेतील एका शिक्षकाने तो मागे बसून पाहायचा. अहवालासाठी आमच्याकडे नेहमीचा तक्ता असतो: उद्दिष्टे, साहित्य, कृती, फलनिष्पत्ती. तो मी बाजूला ठेवला आणि एकच रकाना दिला: मुलांनी काय विचारले? पहिल्या वर्षी निम्मे रकाने कोरे आले. काहींनी "मुलांना फार आवडले" असे लिहिले, जे उत्तर नव्हे. पण काही कागद मी जपून ठेवले आहेत. एका मुलाने विचारले होते की वर्तुळावरचा बिंदू फिरत असताना संगणकाला कसे कळते की तो वर्तुळावरच आहे. एकाने विचारले होते की स्पर्शिका वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करते तर मोठे करून पाहिल्यावर दोन्ही चिकटलेल्या का दिसतात. या दुसऱ्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कलनशास्त्रात जाऊन मिळते, आणि तो नववीतल्या मुलाने विचारला होता.

मागच्या वर्षीच्या तुकडीत पहिला तास मी घेतला नाही. लॅपटॉप मिटणाऱ्या त्या सरांना मी तो घ्यायला सांगितला; त्यांनी बरेच आढेवेढे घेतले आणि शेवटी तयार झाले. त्यांनी स्वतःचीच गोष्ट सांगितली, मुलीचा प्रश्न फळ्यावर लिहिला, १८०.०१ ची फोड केली आणि मग १७९.९९ चा त्रिकोण शोधायला सगळ्यांना कामाला लावले. चांगला चालला होता तास. तेवढ्यात मागच्या गटातील एक तरुण शिक्षिका शिरोबिंदू ओढता ओढता तो समोरच्या बाजूवरच घेऊन गेली. पडद्यावर कोन दिसत होते शून्य, शून्य आणि १८०. बेरीज चोख होती. "सर, बेरीज तर बरोबर आहे, पण याला त्रिकोण म्हणायचे का?" तिने विचारले. सरांनी माझ्याकडे पाहिले, मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिले. ते दोन क्षण घुटमळले, मग खडू उचलून त्यांनी तिचा प्रश्न पहिल्या प्रश्नाखाली लिहिला आणि विचारले, "आपल्या सिद्धतेत समांतर रेषा कुठून काढली होती आठवते का? ती आता इथे काढता येईल का बघू." चहा आला होता, पण त्यासाठी कोणी उठले नाही.